डिबेट संपल्यावरचा पहिला तास

आमच्या घरी अमेरिकेतली अध्यक्षीय डिबेट संपली की टीव्ही लगेच बंद होतो. उमेदवार व्यासपीठावरून उतरायच्या आत आणि तज्ज्ञ मंडळी पडद्यावर येऊन बसायच्या आत. फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पालथे ठेवायचे. मग प्रत्येकाने एका कागदावर चार-सहा ओळी लिहायच्या: काय पटलं, काय खटकलं, कोणता प्रश्न सफाईने टाळला गेला, आणि आपल्या मते कोण वरचढ ठरलं. तासभर गेला की कागद उघडायचे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला आल्यापासूनचा हा नेम आहे. घरी पाहुणे असले तर त्यांच्याही हातात कागद-पेन येतं. सुरुवातीला हसणारी माणसंसुद्धा पाच मिनिटांनी खाली मान घालून मन लावून लिहीत असतात.

आपल्या मताला स्वतःच्या पायावर उभं राहायला थोडी उसंत मिळावी, एवढाच यामागचा हेतू. ही उसंत किती गरजेची आहे ते मला १९७६ सालच्या एका डिबेटबद्दल वाचल्यावर पटलं.

६ ऑक्टोबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोत रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जिमी कार्टर दुसऱ्यांदा आमनेसामने आले. विषय होता परराष्ट्र धोरण. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे मॅक्स फ्रँकेल यांनी सोव्हिएत संघाबद्दल प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरात फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, आणि माझ्या कारकिर्दीत ते कधी असणारही नाही. पोलंडमध्ये त्या घडीला सोव्हिएत फौजा तळ ठोकून होत्या. फ्रँकेल यांचा कानांवर विश्वास बसेना. त्यांनी फिरून विचारलं, म्हणजे शब्द सावरून घ्यायची आयती संधीच दिली. फोर्डनी युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी एकेक नावं घेत तेच आणखी ठासून सांगितलं.

आता प्रेक्षकांचं काय झालं ते बघा. डिबेट आटोपल्या आटोपल्या, त्याच रात्री, रिपब्लिकन पक्षासाठी काम करणाऱ्या पाहणीकारांनी लोकांना घरी फोन केले. फोर्ड सरस ठरले असं म्हणणाऱ्यांची संख्या जास्त निघाली. पूर्व युरोपाचा विषय तर जवळजवळ कुणी आपणहून काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन फोन चालू राहिले. दरम्यान सकाळची वर्तमानपत्रं घरात पडली होती, गाडीतला रेडिओ ऐकून झाला होता, कचेरीतल्या गप्पा झाल्या होत्या आणि संध्याकाळच्या बातम्याही लागल्या होत्या. जसजसा दिवस कलत गेला तसतसं पारडं फिरत गेलं. रात्रीपर्यंत बहुसंख्य लोक ठामपणे सांगू लागले की कार्टर जिंकले. डिबेट तीच, पाहणारेही तशाच घरांतले, मध्ये गेला तो फक्त एक दिवस.

फोर्ड चुकले होते आणि ती चूक दाखवून देणं हे वर्तमानपत्रांचं कामच होतं. परराष्ट्र धोरणाची बारीकसारीक माहिती नसलेल्या माणसाला सकाळी कळलं की अध्यक्ष काल भलतंच बोलून गेले आणि म्हणून त्याने मत बदललं, तर ते शहाणपणच. पण त्या बातम्यांमध्ये दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. ‘फोर्ड यांचं विधान चुकीचं आहे’ ही माहिती झाली. ‘फोर्ड हरले’ हा निकाल झाला, आणि तो देण्याचा अधिकार कालच्या रात्री ज्याने आपल्या दिवाणखान्यात बसून दीड तास ऐकलं त्याचा होता. माहिती त्याने जरूर घ्यावी. निकाल उसना का घ्यावा, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

त्या रात्री काही घरांत मात्र कुणाच्या बातमीची वाट पाहावी लागली नाही. शिकागो, क्लीव्हलंड, बफेलो अशा शहरांत पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकियातून आलेली कुटुंबं राहत होती. त्यांचे सख्खे भाऊ, आत्या, आजोबा अजून तिकडेच होते. ते वाक्य त्यांना ऐकल्या क्षणीच लागलं. म्हणजे कोणत्या वाक्यावर आपण ताठ होऊन बसतो हे शेवटी आपल्या घरात काय घडलंय त्यावर ठरतं. म्हणून सगळ्यांची मिळून एकच एक ‘जनतेची प्रतिक्रिया’ असं काही असतं, यावर माझा विश्वास नाही.

सगळे लोक दाखला देतात तो अर्थात १९६० चा. २६ सप्टेंबर १९६०, शिकागोतला टीव्ही स्टुडिओ, जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन. सुमारे सात कोटी लोकांनी ती पाहिली, आणि तेव्हा या देशाची लोकसंख्या जेमतेम अठरा कोटी होती. निक्सन यांचा गुडघा ऑगस्टमध्ये गाडीच्या दारावर आपटला होता. जखमेत जंतुसंसर्ग होऊन ते जवळजवळ दोन आठवडे इस्पितळात होते. वजन उतरलं होतं, कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती, आणि दाढीची सावली झाकायला फासलेली पावडर दिव्यांच्या उष्णतेत घामाने ओघळत होती. अंगातला फिकट सूट मागच्या फिकट भिंतीत मिसळून गेला. शेजारी केनेडी गडद सुटात, उन्हाने रापलेले, ताजेतवाने.

डिबेट संपल्यावर निक्सन यांच्या आईने कॅलिफोर्नियाहून फोन करून त्यांच्या सेक्रेटरीकडे चौकशी केली: रिचर्डला बरं नाहीये का? सात कोटी प्रेक्षकांमधली ही एक प्रतिक्रिया मला त्या रात्रीच्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त बोलकी वाटते. त्या माउलीला शेतमालाच्या भावांचं काही पडलेलं नव्हतं. लेकाचा चेहरा उतरलेला दिसला आणि तिने फोन उचलला.

‘रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी’ हे वाक्य आता पाठ्यपुस्तकांतसुद्धा सापडतं. त्याचा मुख्य आधार म्हणजे सिंडलिंजर या कंपनीची एक पाहणी, आणि तिच्यात रेडिओवर ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते. १९८७ मध्ये व्हॅन्सिल आणि पेंडेल या अभ्यासकांनी ही कथा उलगडून तपासली. रेडिओ ऐकणारी माणसं मुळातच निक्सन यांच्या बाजूची असतील तर काय, असा साधा आणि रास्त प्रश्न त्यांनी उभा केला. पुढे २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी वेगळी वाट काढली. त्या डिबेटची ज्यांना काही कल्पना नव्हती अशा लोकांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला चित्र आणि आवाज दोन्ही, दुसऱ्याला नुसता आवाज. चित्र पाहणाऱ्यांमध्ये केनेडी जिंकले म्हणणारे खरोखरच जास्त निघाले. पाहणारी मंडळी मुद्द्यांच्या जोडीला समोरच्या माणसाच्या सचोटीचाही अंदाज बांधत होती, असंही त्यांना आढळलं. म्हणजे कथेत तथ्य होतं, पुरावा तेवढा तोकडा होता.

याला पुष्कळ लोक नाक मुरडतात. चेहरा बघून, घाम बघून, घड्याळ बघून लोक मत बनवतात, ही कसली लोकशाही, असं म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. मुलगी बघायला आलेल्या मुलाचं बोलणं एकीकडे ऐकत असताना घरातली मोठी माणसं तो चहा आणून देणाऱ्या पोराशी कसा वागतो तेही बघत असतात, आणि त्यांना कुणी उथळ म्हणत नाही. माणूस पारखायचा तर डोळे लागतातच.

१५ ऑक्टोबर १९९२ ची रिचमंडची डिबेट घ्या. उमेदवारांना पत्रकारांऐवजी समोर बसलेल्या सामान्य मतदारांनी प्रश्न विचारायचे, असा तो पहिलाच प्रयोग. मंदीचा काळ होता. थोरले जॉर्ज बुश, बिल क्लिंटन आणि रॉस पेरो असे तिघं उंच स्टुलांवर बसले होते. एका तरुणीने विचारलं, देशावरच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी बसली? आणि बसली नसेल, तर ज्यांना बसली त्यांच्या अडचणी तुम्ही कशा सोडवणार? हा प्रश्न पुरा होत असतानाच बुश यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. उत्तर द्यायला उभे राहिले तेव्हा चाचपडत राहिले, शेवटी प्रश्न नीट समजला नाही असं म्हणाले. क्लिंटन स्टुलावरून उतरले, तिच्या जवळ चालत गेले आणि आधी तिलाच विचारलं, तुम्हाला झळ कशी बसली ते सांगा. मग स्वतःच्या राज्याबद्दल सांगू लागले. लोकांच्या नोकऱ्या गेल्या तर त्यांना बहुधा मी नावानिशी ओळखत असतो, असं.

घरोघरी लोकांनी ते घड्याळ पाहिलं. बुश यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की आता दहाच मिनिटं उरली, सुटलो एकदाचा, असंच काहीसं त्या वेळी त्यांच्या मनात होतं. म्हणजे प्रेक्षकांनी वाचलं ते अचूक वाचलं होतं. देशाच्या कर्जाच्या आकड्यांत जे दिसलं नसतं ते त्या एका नजरेत दिसलं, आणि नोकरी गेलेल्या माणसाने ते मनात ठेवलं तर त्यात काय चुकलं?

पण अल गोर यांच्या उसाशांची गोष्ट मला याच रांगेत बसवता येत नाही. ३ ऑक्टोबर २००० ला बॉस्टनमध्ये धाकटे बुश बोलत असताना गोर माइकसमोर मोठ्याने उसासे टाकत होते, मान हलवत होते. लोकांना ते खटकलं असणारच. तरीही त्या रात्रीच्या झटपट पोल्समध्ये गोर थोडे पुढेच होते. दीड तासात विखुरलेले ते उसासे लोकांनी आपापल्या जागी ऐकले होते, आणि बाकीचं बोलणंही ऐकलं होतं. पुढच्या दिवसांत ते सगळे उसासे कापून एकाला एक जोडून दाखवले गेले, विनोदी कार्यक्रमांत त्यांच्या नकला झाल्या, आणि डिबेट न पाहिलेल्या माणसालाही गोर यांचे उसासे तोंडपाठ झाले. बुश यांचं घड्याळ लोकांनी स्वतः टिपलं होतं. गोर यांचे उसासे त्यांच्यापुढे वाढून ठेवले गेले. या दोहोंतला फरक मला फार मोलाचा वाटतो आणि तो पुसला जाताना बघवत नाही.

तो पुसायला दुसऱ्या दिवसाचीही गरज नसते. २१ ऑक्टोबर १९८४, कॅन्सस सिटी. रोनाल्ड रेगन ७३ वर्षांचे, आणि आधीच्या डिबेटमध्ये ते थकलेले, गोंधळलेले दिसले होते. वयाचा प्रश्न आला तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, माझ्या प्रतिस्पर्ध्याचं तारुण्य आणि अननुभव यांचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. सभागृह हशाने भरून गेलं. प्रतिस्पर्धी वॉल्टर मॉन्डेलही हसले, आणि आपण निवडणूक हरलो हे मला तेव्हाच कळलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. पुढे स्टीव्हन फाइन या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच डिबेटचं चित्रण घेतलं. कोटी तशीच ठेवली, सभागृहातला हशा आणि टाळ्या तेवढ्या कापल्या, आणि ते लोकांना दाखवलं. हशाशिवाय पाहणाऱ्यांना रेगन बरेच फिके वाटले. शब्द, चेहरा, वेळ साधण्याची हातोटी सगळं जागच्या जागी होतं. चार अनोळखी माणसं हसली नाहीत, एवढंच कमी होतं.

मग आली ती रेघ. २००८ मध्ये सीएनएनने ओहायोतल्या कुंपणावरच्या मतदारांच्या हातात एकेक खटका दिला. आवडलं की एकीकडे फिरवायचा, नावडलं की दुसरीकडे. त्यांच्या सरासरीची रेघ डिबेट चालू असतानाच पडद्याच्या तळाशी वरखाली होत राहायची, बायकांची वेगळ्या रंगात आणि पुरुषांची वेगळ्या. मी ती पाहिली आहे आणि मला ती अजूनही आठवते, उमेदवार काय म्हणाले ते मात्र फारसं आठवत नाही. नजर सारखी खाली जायची. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये गॉर्डन ब्राऊन, डेव्हिड कॅमेरून आणि निक क्लेग या तीन पक्षनेत्यांची तिसरी डिबेट थेट चालू असताना डेव्हिस, बॉवर्स आणि मेमन या संशोधकांनी दीडशे लोकांना दोन खोल्यांत बसवलं आणि पडद्यावर अशीच रेघ दाखवली. रेघ खोटी होती. एका खोलीत ती ब्राऊन यांच्या बाजूने झुकवलेली, दुसरीत क्लेग यांच्या. बघणाऱ्यांना ते सांगितलेलं नव्हतं. ज्या खोलीत ज्याची रेघ वर गेली त्या खोलीत तोच जिंकल्याचं मत पडलं, आणि मत कुणाला देणार या प्रश्नाच्या उत्तरावरही त्याचा परिणाम दिसला.

हे वाचून मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. कुणीही माणूस इतका दुबळा नसतो की त्याला स्वतःचं मतच नसावं. पण समोर रेघ नाचत असताना ते मत तयार व्हायला जागाच उरत नाही. शिवाय ती रेघ बहुतेक वेळा मूठभर माणसांच्या बोटांवर चाललेली असते.

आपल्याकडे, म्हणजे भारतात, ही वेळच येत नाही. पंतप्रधानपदासाठी अशी डिबेट कधी झालेली नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना तसं आमंत्रण दिलं. राहुल गांधींनी तयारी दाखवली, डिबेट काही झाली नाही. आपण वाढलो ते सभांवर. शिवाजी पार्कची सभा मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलीय, आणि त्या गर्दीची मजा काही औरच असते हे मलाही ठाऊक आहे. पण सभेला जाणारा बहुतेक आधीच ठरवून गेलेला असतो. टाळी कुठे वाजवायची ते त्याला माहीत असतं. ज्याला आपण मत देणार नाही त्याचं बोलणं सलग दीड तास, मध्ये उठून न जाता ऐकायची वेळ डिबेटच आणते. इथे आल्यावर मला सगळ्यात जास्त भावलं ते हेच, आणि त्यासाठीच ही गोष्ट सांभाळून ठेवावीशी वाटते.

२७ जून २०२४ ची अटलांटातली डिबेट वेगळी होती. सभागृहात प्रेक्षकच नव्हते. १९६० सारखाच रिकामा स्टुडिओ, दोन सूत्रसंचालक आणि दोन उमेदवार, जो बायडन आणि डोनाल्ड ट्रम्प. एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद. हशा नाही, टाळ्या नाहीत, हुर्यो नाही. पाच कोटींहून जास्त लोक घरात बसून बघत होते आणि कुठे हसायचं ते त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. त्यामुळेच, मला वाटतं, त्या रात्री घराघरांत जे वाटलं ते फार अस्सल होतं.

माझी आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. तिला इंग्रजी बातम्यांपुरतं कळतं, भराभर बोललेलं कळत नाही. ती सोफ्याच्या कडेला बसून वाल सोलत होती. सुरुवातीचे बारा-तेरा मिनिटं झाली असतील. जो बायडन कर्जाबद्दल, आरोग्याच्या योजनांबद्दल काही सांगत होते, आकडे घसरले, वाक्य अडकलं, ते थांबले, खाली बघितलं, आणि मग म्हणाले की अखेर आपण मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला, हरवलं. वेळ संपली. ट्रम्प यांनी लगेच म्हटलं की बरोबर आहे, हरवलंच त्यांनी, पार बदडून मारलं.

आईचे हात थांबले होते. “शब्द हरवला बघ त्यांचा,” ती म्हणाली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “अगं, यांना उभं का केलंय एवढा वेळ? खुर्ची द्या की कुणीतरी.”

माझ्या वडिलांची शेवटची दोन-तीन वर्षं तशीच गेली. वाक्य सुरू व्हायचं, मधला शब्द सापडायचा नाही, आणि ते समोरच्याकडे तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहायचे. आई कधी त्यांचा शब्द पुरा करायची नाही. ती हातातलं काम बाजूला ठेवून थांबायची. पाहुणे असले तर त्यांनाही डोळ्यांनी थांबवायची. अटलांटातल्या त्या पडद्यावर माणूस शब्द शोधतोय हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं, भाषा कळत नसताना. पुढे कार्यकर्त्यांसमोर जिल बायडन आपल्या नवऱ्याचं कौतुक करतानाचा व्हिडिओ फिरला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस, असं काहीसं. लोकांनी त्याची टर उडवली. आईने तो पाहिला आणि म्हणाली, “बायको आहे ती, दुसरं काय म्हणणार?”

त्या रात्री आईनेही कागदावर लिहिलं. एकच ओळ होती: “हे दमलेत. घरच्यांनी ओळखायला हवं होतं.” माझ्या कागदावर मी लिहिलं होतं की ट्रम्प यांच्या किती विधानांना कुणी अडवलं नाही ते उद्या तपासायचं. नंतर सीएनएनच्याच तपासनीसाने ट्रम्प यांची तीसहून अधिक आणि बायडन यांची किमान नऊ खोटी विधानं मोजली. सूत्रसंचालकांनी कार्यक्रमात एकही दुरुस्त केलं नव्हतं. ही बाब जितकी गाजायला हवी होती तितकी गाजली नाही, याची खंत मला आजही वाटते. पण आईची ओळ चुकीची होती असं मी म्हणणार नाही. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली तेव्हा कोट्यवधी लोक ते आधीच म्हणून चुकले होते.

फोन ओट्यावर पालथे होते ते बरं. आपल्याकडे शुक्रवारी सकाळचे साडेसहा वाजता ती डिबेट सुरू झाली होती. पुण्या-मुंबईची भावंडं, कॉलेजातल्या मैत्रिणी चहाबरोबर बघत होत्या, आणि तासाभराने फोन उलटा केला तर ‘म्हातारा संपला’पासून ‘दोघंही नकोत’पर्यंत ढीगभर निरोप येऊन पडले होते. त्यांतला एखादा निरोप आईच्या ओळीआधी मोठ्याने वाचला गेला असता, तर ती ओळ लिहिली गेली असती का, मला शंका आहे.

डिबेट जिंकली म्हणजे निवडणूक जिंकली, असंही नसतं. २०१२ मध्ये डेन्व्हरला मिट रॉम्नी यांनी ओबामांना चारीमुंड्या चीत केलं, गॅलपच्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी तसं म्हटलं, आणि नोव्हेंबरात ओबामा निवडून आले. १० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियात कमला हॅरिस सरस ठरल्याचं सीएनएनच्या पोलमध्ये ६३ टक्के लोक म्हणाले, आणि नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले. यावरून काहीजण म्हणतात की मग या कार्यक्रमांचा उपयोग काय. उपयोग आहे. प्रेक्षक ‘हा बोलला चांगलं’ आणि ‘मी मत याला देईन’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू शकतो, हे त्यातून दिसतं. लोकांना वाटतं त्यापेक्षा मतदार पुष्कळ समंजस असतो.

फिलाडेल्फियाच्या त्या रात्री नवरा बॉस्टनहून गाडी चालवत येत होता आणि त्याने अख्खी डिबेट गाडीतल्या रेडिओवर ऐकली. लेकीने ती घरी टीव्हीवर पाहिली. त्या नोव्हेंबरात तिचं पहिलंवहिलं मत होतं. नवरा मध्यरात्रीनंतर पोचला, त्याने गाडीत कुणाचंही विश्लेषण ऐकलं नव्हतं, आणि बूट काढायच्या आधी कागद मागितला. त्याने लिहिलं: पहिलाच प्रश्न होता, चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची आर्थिक स्थिती बरी आहे का. हॅरिस यांनी हो किंवा नाही म्हटलंच नाही, मध्यमवर्गीय घरात वाढले इथून सुरुवात केली. १९८० मध्ये रेगननी हाच प्रश्न लोकांना विचारून कार्टरना घेरलं होतं, आणि ४४ वर्षांनी उत्तर तयार नसावं? लेकीच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. तिने लिहिलं होतं की हॅरिस चालत जाऊन स्वतःचं नाव सांगत हात मिळवायला गेल्या, ट्रम्प दीड तासात त्यांच्याकडे बघतच नव्हते, आणि ते बोलत असताना अर्ध्या पडद्यावर हॅरिस यांचा चेहरा सगळं सांगत होता.

“चेहऱ्यावर देश चालत नाही,” नवरा म्हणाला.

“तुम्ही तो पाहिलाच नाही ना बाबा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो डिबेटचं शब्दशः टिपण छापून घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचू लागला. लेक ऐकत होती. ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये लोकांची कुत्री-मांजरं खाल्ली जातात हा ट्रम्प यांचा दावा आला, सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर यांनी शहराच्या प्रशासकांचा हवाला देऊन तो खोडला होता, तेही त्याने वाचलं.

“थांबा,” लेक म्हणाली. “इथे हॅरिस हसली होती.”

त्याने पानावर बोट ठेवून वरखाली पाहिलं. “इथे तसं काही नाही.”

“कसं असेल? ती बोललीच नव्हती तेव्हा.”

मग दोघांनी रेकॉर्डिंग लावलं. तो भाग एकदा आवाज बंद करून पाहिला, आणि एकदा पडद्यावर चादर टाकून नुसता ऐकला. आई मध्येच विचारत होती की काय चाललंय हे. रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला, आणि नवऱ्याने आपल्या कागदावर हसण्याची नोंद करून घेतली, लेकीने आपल्या कागदावर पहिल्या प्रश्नाची. कोण सरस ठरलं याबद्दल मात्र दोघांनी आपापली ओळ तशीच ठेवली.